उन्हाळे कुणाचे?

लघवीला आग झाली की मराठीत ‘उन्हाळे लागले’ म्हणतात. दोष उन्हाचा, उपाय धण्याचं पाणी. जंतुसंसर्ग असला, बहुधा ई. कोलायचा, तर डॉक्टरकडे जाऊन अँटिबायोटिक घ्यावं लागतं, हे राहूनच जातं. बाईची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटर. जंतूंना वाट जवळची. एवढं निसर्गाचं. पण बाहेर जायचंय म्हणून सकाळपासून पाणीच न पिणं, तासन्‌तास धरून ठेवणं, हे कुणाचं? मुंबईत 2011 साली ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, ही तिची एक तक्रार होती. ‘भरपूर पाणी पी’ हा सल्ला योग्यच. पण देणाऱ्याने ‘जाशील कुठे?’ हेही विचारावं. नाहीतर दुखणं तिचं आणि चूकही तिचीच. लाजही तिलाच: सुट्टीच्या मेसेजमध्ये ती ‘ताप आहे’ एवढंच लिहिते.