टर्मनच्या पुलावर

पाठ टेकून बसा. हातातलं काम बाजूला ठेवा. डोळे मिटले तरी चालतील, उघडे राहिले तरी चालतील. मनाने मात्र एका लहानशा पुलावर या आणि मधोमध उभे राहा.

खालून टर्मन नदी वाहते आहे. पुलाच्या एका टोकाला पेटिगो गाव, काउंटी डोनेगॉल, आयर्लंडचं प्रजासत्ताक. दुसऱ्या टोकाला त्याच वस्तीचा उरलेला तुकडा, टुलीहॉमन, काउंटी फर्मॅना, उत्तर आयर्लंड, म्हणजे ब्रिटनचं राज्य. इकडची टपालपेटी हिरवी, तिकडची लाल. इकडे युरो, तिकडे पौंड. आणि दोन्ही टोकांना अशी घरं आहेत, जिथली माणसं स्वतःला आयरिश म्हणवतात आणि हे बेट एकच आहे असं मनापासून मानतात. ही सीमारेषा जवळजवळ पाचशे किलोमीटर लांब आहे. आपल्याला या पुलापुरतंच बघायचं आहे.

आयरिश राष्ट्रवादी आणि ब्रिटन यांच्या भांडणावर पुष्कळ लिहिलं गेलं. मला या दोन टोकांच्या आपसातल्या दुखण्याजवळ बसायचं आहे. ते फार हळू बोलतं, म्हणून श्वास जरा संथ होऊ द्या.

आधी फर्मॅनाच्या टोकाकडे तोंड करा. साल १९२१. मे महिन्यात बेटाची फाळणी अमलात आली आहे. फर्मॅना आणि टिरोन या दोन काउंट्यांत राष्ट्रवादी बहुसंख्य, तरी त्या बेलफास्टच्या सरकारखाली गेल्या. दोन्हीकडच्या काउंटी कौन्सिलांनी आपली निष्ठा डब्लिनला असल्याचं जाहीर केलं आणि त्या बरखास्त झाल्या. त्याच वर्षीच्या अँग्लो-आयरिश करारात एक आशा ठेवलेली होती: सीमा आयोग बसेल, लोकांची इच्छा बघेल, रेघ हलवेल. चार वर्षं माणसं त्या आशेवर राहिली. डिसेंबर १९२५ मध्ये लंडन, डब्लिन आणि बेलफास्ट यांच्यात समझोता झाला आणि रेघ होती तिथेच राहिली. आयोगाचा अहवाल कपाटात गेला. ब्रिटिश सार्वजनिक कर्जातला जो वाटा डब्लिनच्या माथ्यावर होता, तो माफ झाला.

इथे थांबा. फर्मॅनाच्या टोकाच्या एका घरातला माणूस सकाळी उठला आहे, चहाचं पाणी ठेवलं आहे, आणि त्याला कळतं आहे की ज्या राजधानीला तो आपली म्हणतो, तिने त्याला न विचारता सही केली. परक्याने मारलं तर माणूस ओरडतो. घरच्यांनीच हिशेबात धरलं नाही तर गप्प होतो. त्या गप्पपणात दोन पिढ्या गेल्या. सरकारी घरं वाटताना, मतदारसंघ आखताना, नोकऱ्या देताना त्याला डावललं गेलं, आणि दर वेळी त्याने पुलाच्या डोनेगॉलकडच्या टोकाकडे बघितलं. रागाच्या भरात तो इकडच्याला आजही ‘फ्री स्टेटर’ म्हणतो. ‘फ्री स्टेट’ हे राज्याचं नाव १९३७ सालीच गेलं. शिवी राहिली, कारण तिच्यात त्या डिसेंबरचा सल आहे.

खांदे सैल सोडा आणि सावकाश वळा. आता डोनेगॉलचं टोक.

इकडच्या माणसाला दोषी ठरवायची घाई करू नका. १९२२-२३ मध्ये त्याच्याच राज्यात यादवी झाली, भावाने भावावर बंदूक धरली, आणि त्या भांडणात ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ पुढे होती, फाळणी मागे पडली. डोनेगॉलची तर बाजारपेठच तुटली. डेरी शहर रेघेपलीकडे गेलं. बेटाचं सर्वांत उत्तरेचं टोक, मॅलिन हेड, याच डोनेगॉलमध्ये आहे. तरी हा प्रदेश ‘दक्षिण’ म्हणूनच ओळखला जातो.

१९३७ च्या राज्यघटनेत या दक्षिणेने लिहून ठेवलं की सगळं बेट राष्ट्राचं आहे. जमिनीवर हक्क सांगणं सोपं होतं. त्या जमिनीवरच्या माणसांना दारात घेणं अवघड गेलं. ऑगस्ट १९६९ मध्ये बेलफास्टमध्ये घरं जळाली, निर्वासित रेघ ओलांडून आले, त्यांची सोय लष्करी छावण्यांत झाली. ३० जानेवारी १९७२ ला डेरीत ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या आणि तीनच दिवसांनी डब्लिनमधली ब्रिटिश वकिलात जळाली. तो संताप खरा होता. मग १७ मे १९७४ ला डब्लिन आणि मोनाहनमध्ये बॉम्ब फुटले, तेहतीस माणसं गेली, आणि संतापाच्या जागी भीती येऊन बसली: तिकडची आग इकडे येईल. शिवाय आयआरए ही सशस्त्र संघटना आयर्लंडच्या नावाने जे बळी घेत होती, त्यांचं ओझं याच्याही छातीवर होतं. ‘माझ्या नावाने हे नको’ असं म्हणता म्हणता त्याने तिकडच्या साध्या शेजाऱ्याकडेही पाठ फिरवली. मला वाटतं, पहिलं योग्य होतं आणि दुसरं चूक. पण दोन्ही एकाच माणसाने, एकाच श्वासात केलं. ते तसंच, न सोडवता, जवळ ठेवून बघा.

आता एक रविवार डोळ्यांसमोर आणा. क्लोनिस हे मोनाहनमधलं छोटं गाव, रेघेला अगदी लागून. गेलिक फुटबॉलच्या संघटनेने फाळणी कधी मानलीच नाही. तिच्या अल्स्टर प्रांतात नऊ काउंट्या, सहा पलीकडच्या आणि तीन अलीकडच्या. अल्स्टरचे अंतिम सामने या गावात होत आले, आणि उतरत्या रस्त्यावर दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या खांद्याला खांदा घासत चालली. १९६० साली डाउन काउंटीने सगळ्या बेटाच्या विजेतेपदाचा सॅम मॅग्वायर चषक जिंकला. तो रेघ ओलांडून उत्तरेत गेला, ते पहिल्यांदाच.

२१ फेब्रुवारी १९८८ ला टिरोनमधल्या ऑख्नाक्लॉय गावी एक तरुण तपासणी नाका ओलांडून गेलिक फुटबॉलच्या अशाच एका मैदानाकडे चालत निघाला होता. नाक्यावरच्या सैनिकाची गोळी लागून तो रस्त्यातच गेला. त्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहा. काही बोलू नका.

एक हात मांडीवर ठेवा आणि मूठ घट्ट मिटा. २२ मे १९९८ ला बेटाच्या दोन्ही भागांनी शांतता करारावर कौल दिला. दक्षिणेत ९४ टक्क्यांहून अधिक मतं होकाराची पडली आणि घटनेतला तो जमिनीवरचा हक्क मागे घेतला गेला. त्या जागी इच्छा लिहिली: माणसं एकत्र यावीत, पण दोन्हीकडच्या बहुमताच्या संमतीनेच. आता मूठ सोडा. तळहाताकडे बघा. काहींना तो मोकळा वाटला. फर्मॅनातल्या काहींना पुन्हा एकदा रिकामा वाटला.

त्या फर्मॅनाच्या घरातला कपाटाचा खण उघडा. आत हार्पचं चिन्ह असलेला पासपोर्ट आहे. कायद्याने हा माणूस पुरता आयरिश नागरिक. बेलफास्टमध्ये जन्मलेल्या मेरी मॅकअलीस १९९७ साली आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा याचा ऊर भरून आला असेल. पण त्या निवडणुकीत त्याला मत नव्हतं. २०११ साली डेरीचे मार्टिन मॅकगिनेस त्याच पदाला उभे राहिले; त्यांना स्वतःलासुद्धा मत देता येत नव्हतं. पासपोर्ट हातात घ्या, त्याचं वजन बघा, परत खणात ठेवा.

आता पुलावरून उतरा. पेटिगोतून उत्तरेकडे गेलं की लॉक डर्ग नावाचं तळं लागतं, त्यात एक बेट, संत पॅट्रिकचं. शेकडो वर्षं तिथे यात्रेकरू जातात, रेघेच्या दोन्ही बाजूंचे. तीन दिवस अनवाणी, खायला कोरडा पाव, प्यायला बिनदुधाचा चहा. पहिली रात्र जागायची. दगडी वाटांनी पाय सोललेले असतात, पहाटेच्या सुमाराला डोळे उघडे राहत नाहीत. शेजारच्याची मान कलंडली की त्याला हलकेच हात लावून जागं करायचं.

तिथे एका बाकावर बसा. तुमच्या शेजारी कोण आहे, कुठल्या टोकाचं आहे, ते अजून विचारू नका. उजाडू द्या.