ऐतिहासिक म्हणताना

वर्तमानपत्र उघडले की एक दिवसाआड तरी ‘ऐतिहासिक’ हा शब्द समोर येतोच. ऐतिहासिक विजय, ऐतिहासिक सभा, ऐतिहासिक निर्णय. घटना काल संध्याकाळची असते, तिचे परिणाम अजून कोणाच्या उंबऱ्यापर्यंत पोचलेले नसतात, तरी तिची इतिहासातली जागा आपण ठरवून टाकतो. मला हे खटकते, कारण हा शब्द मला मोलाचा वाटतो.

मराठीत तो तीन-चार कामे करतो. रायगड ऐतिहासिक, कारण तिथे राज्याभिषेक झाला. कादंबरी ऐतिहासिक म्हणजे तिचा विषय गतकाळातला. ती थोर आहे की सुमार, हे त्यातून कळत नाही. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापली. असा जुना पत्रव्यवहार, कैफियती, हिशेबाचे कागद ही सगळी ऐतिहासिक साधने. त्यातले कितीतरी कागद लिहिणाऱ्या कारकुनाला आपल्या हातून इतिहासाला काही लागणार आहे याची गंधवार्ताही नसेल. त्याला दिवसाचा हिशेब पुरा करायचा होता.

उरतो चौथा अर्थ : काळाला वळण देणारा. आपण जो उधळतो तो हाच. खरे तर बहुतेक वेळा आपल्याला म्हणायचे वेगळेच असते आणि त्यासाठी चांगले शब्द हाताशी असतात. गर्दी अभूतपूर्व असते, पाऊस विक्रमी असतो, निरोपाचा कार्यक्रम हजर असणाऱ्यांना अविस्मरणीय वाटतो. यातला एकही शब्द कमी प्रतीचा नाही. ‘अभूतपूर्व’ म्हणजे पूर्वी न घडलेले. पुढे त्याचे काय होईल याची हमी तो देत नाही, आणि हाच त्याचा प्रामाणिकपणा. ‘युगप्रवर्तक’ मात्र पुढचे युग दिसल्यावरच वापरावा.

वळण नेमके कुठे पडते, हे पाहायचे तर मला महाड आठवते. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा राखलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांनाही खुले असावेत. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. आजच्या सवयीने मथळा दिला असता तर दोन्ही ठराव ‘ऐतिहासिक’च ठरले असते. ठराव चांगलेच होते. ते आणणाऱ्यांचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. पण महाडमध्ये गुरे त्या तळ्यावर पाणी पीत होती आणि माणसांना अजून मज्जावच होता. कागद दप्तरात होता.

20 मार्च 1927 रोजी महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचा जमाव रांगेने तळ्याकडे निघाला. डॉ. आंबेडकर काठाशी खाली उतरले, ओंजळीत पाणी घेतले आणि प्यायले. मागोमाग हजारो लोकांनी तेच केले. एवढीच कृती. तिला ना सभागृह लागले, ना हात वर करून मतदान. त्यानंतर मात्र परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळे बाटले म्हणून पंचगव्य ओतून त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली आणि त्याच वर्षी नगरपालिकेने स्वतःचा ठराव मागे घेतला. तीन वर्षे ठरावाने कोणाचे काही बिघडले नव्हते, म्हणून तो टिकला. एका ओंजळीने सारे हलले, तेव्हा तो रद्द करावा लागला. मी त्या पाण्यालाच ऐतिहासिक म्हणतो, आणि म्हणताना हा विरोधही मोजतो.

प्रकरण कोर्टात गेले. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याचा अनादि काळापासूनचा रिवाज सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी दिला. सत्याग्रहाला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस बाकी होते. त्या दहा वर्षांत बाबासाहेब नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी आणि लंडनच्या गोलमेज परिषदेत तीच मागणी मांडत राहिले : माणूस म्हणून वागवा. महाडच्या त्या दुपारी यातले पुढचे काहीच कोणाला ठाऊक नव्हते. उन्हात चालत आलेल्यांना तहान होती, भीतीही असणारच, आणि तळे समोर होते.

म्हणून मथळा लिहिणाऱ्याला माझे एवढेच सांगणे : काय झाले ते लिहा. ‘तळे सर्वांना खुले’ असे लिहा, आणि दुसऱ्या दिवशी त्या तळ्यावर कोण पाणी प्यायला गेले, कोणाला अडवले गेले, हे पाहायला बातमीदार पाठवा.