मजुरी आणि प्रसाद

वाचक माउली, हिवाळा आला की आपल्या भिवापूरकडे मिरचीचे सातरे सुरू होतात. लाल मिरचीचे ढीग पडतात, बाया तोंडाला पदर बांधून बसतात आणि दिवसभर देठ खुडतात. हातांची आग होते, खोकून खोकून जीव घाबरा होतो. मजुरी किलोवर. जिने जास्त खुडले तिला जास्त, जिने कमी खुडले तिला कमी. हिशेब म्हणून यात वावगे काही नाही.

वावगे होते ते पुढे. हाच तराजू आपण देवळात नेतो. इतक्या एकादशा झाल्या, इतकी वर्षे गळ्यात माळ आहे, काकडा कधी चुकला नाही, मग चुरडा-मुरडा नेमका माझ्याच वावरात का यावा? शेजारी तर देवाचे नावही घेत नाही, त्याची मिरची कशी लालभडक! हा प्रश्न तुम्ही ऐकला असेल. मनातल्या मनात विचारलाही असेल. विचारणाऱ्याला हसू नये, कारण त्याचे दुःख खरे आहे. पण प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती तपासली पाहिजे. भजन ही मजुरी आहे आणि देव मालक आहे, असे ते गृहीत आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला एक दृष्टांत याच दुखण्यावर बोट ठेवतो. द्राक्षमळ्याचा एक मालक पहाटे नाक्यावर जाऊन मजूर आणतो, दिवसाची मजुरी ठरवतो. पुन्हा नऊ वाजता जातो, दुपारी जातो, तीन वाजता जातो. दिवस मावळायला तासभर उरला तरी जातो. तिथे काही माणसे अजून उभीच असतात, कुणी कामाला बोलावलेले नसते. त्यांनाही आणतो. संध्याकाळी हिशेब होतो, तेव्हा शेवटी आलेल्यांना पूर्ण दिवसाची मजुरी मिळते आणि पहाटेपासून राबलेल्यांनाही तेवढीच. पहाटेचे चिडतात. मालक म्हणतो, तुझे ठरले तेवढे तुला मिळाले, मी उदार झालो म्हणून तुझ्या पोटात का दुखावे?

ही गोष्ट सातऱ्यावर सांगून पाहा. सकाळी आलेल्या बाया मालकाची बाजू घेणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. मजुरीचा कायदा म्हणून ती गोष्ट सांगितलेलीच नाही. देवाच्या घरी जे मिळते ते वजनावर मिळत नाही, एवढेच तिला सांगायचे आहे. ख्रिस्ती लोक त्याला कृपा म्हणतात. आपला शब्दही तोच. आळंदीहून दोन-अडीच आठवडे चालून आलेला आणि वाखरीला दिंडीत शिरलेला, दोघांच्या पानात प्रसाद सारखाच पडतो. पाय किती सुजले हे वाढणारा विचारीत नाही. पंक्तीत हे आपल्याला खटकत नाही. प्रपंचात मात्र खटकते.

वारकरी मासिकात ख्रिस्ताची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. हा पूल मी बांधलेला नाही. कवी नारायण वामन टिळक, जन्म १८६१, काही काळ आपल्या नागपुरात राहिले होते. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, ख्रिस्ती मंडळीत कीर्तनाची पद्धत नेली. पुलावरून माणसे दोन्ही दिशांनी जातात. आपण पलीकडे राहायला न जाता नुसते पाहून यायला कुणाची हरकत नसावी.

आता पुढचा प्रश्न. कृपा जर फुकट आहे, तर सोसायचे कशाला? आणि सोसावेच लागते, तर कृपा कसली?

पौल हा ख्रिस्ती धर्माचा पहिल्या पिढीतला थोर प्रचारक. आपल्या सावता माळी आणि गोरोबांसारखा हाही हातावर पोट असलेला माणूस, तंबू तयार करण्याचा धंदा करणारा. त्याच्या शरीरात काहीतरी सलत होते. काय होते ते त्याने लिहिलेले नाही, नुसता काटा म्हटले आहे. तो काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनवले. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. रोगी बरा झाल्याच्या गोष्टी शुभवर्तमानात पुष्कळ आहेत, पण मला ही न बरे होण्याची गोष्ट अधिक कामाची वाटते, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे काटे निघत नाहीत. पौलाच्या पत्रांत सोसण्यासाठी जो ग्रीक शब्द येतो, हुपोमोने, त्याची फोड ओझ्याखाली टिकून राहणे अशी होते. तो हे टिकणे कमाई म्हणून सांगत नाही. आधी कृपा, मग तिच्या आधाराने टिकणे, असा त्याचा क्रम आहे. आपण नेमका तो उलटा लावतो.

जनाबाई आठवा. विठ्ठल तिच्या जात्याला हात लावतो, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या गात आलो. पण त्याने जाते उचलून फेकून दिले असे कुणी गात नाही. दळण उरतेच. खुंट्याला दुसरा हात लागतो, इतकेच. ज्याने कधी एकट्याने जाते ओढले आहे, त्याला हे ‘इतकेच’ केवढे असते ते कळेल. तुकोबांच्या घरी १६३० च्या दुष्काळात अन्नान्न झाली, बायको गेली, दुकान बुडाले. त्यातले काहीही देवाने परत आणून दिले नाही.

इथवर दोन्ही काठ जुळतात. पण इथेच थांबून प्रवचन आटोपते घेतले तर मोठा धोका आहे. सोसण्याची शिकवण ज्याला सोसावे लागत नाही त्याच्या तोंडी फार लवकर येते.

टिळकांच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे. त्यांना मुंबईत जो आनंद झाला, त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा जिवंत असून संसार मोडला. पदरी लहान मुलगा. त्या वेळच्या ब्राह्मण घरात धर्मांतर केलेल्याच्या बायकोचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. ताटातुटीच्या जवळजवळ पाच वर्षांतला काही काळ त्यांनी पंढरपुरात नातलगांच्या आश्रयाने काढला. आपण जिथे आनंदाने नाचत जातो, त्याच गावात ही बाई रडत होती. एकाची कृपा दुसऱ्याच्या माथी ओझे म्हणून आली. टिळकांचा आनंद खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण त्या आनंदाच्या जोरावर लक्ष्मीबाईंना ‘धीर धर’ म्हणण्याचा हक्क कुणाला होता? माझ्या मते टिळकांना नव्हता. त्यांना वाळीत टाकणाऱ्या समाजाला तर नव्हताच.

याकोबाचे पत्र या बाबतीत कुणाची भीड ठेवीत नाही. भाऊ किंवा बहीण उघडी, उपाशी समोर उभी असताना काही न देता नुसते ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा’ म्हणायचे, याचा काय उपयोग, असे ते विचारते. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असेही सांगते. विशेष म्हणजे हेच पत्र मजुरीच्या त्या ओरडीनंतर लगेच शेतकऱ्याचा दाखला देऊन धीर धरायला सांगते. तो पावसाची वाट पाहतो तसे वाट पाहा म्हणते. पण मजुराला धीराचा शब्द सांगण्याआधी ते मालकाला खडसावते. आपण हा क्रमही उलटा करतो. सातऱ्यावर पैसे थकवायचे आणि वर ‘विठोबावर हवाला ठेवा बाई’ म्हणायचे, ही श्रद्धा नव्हे, उधारी आहे. दृष्टांतातल्या मालकाने ठरलेल्या मजुरीत कुणाचा एक पैसा कमी केला नव्हता, हे विसरू नका. तो उदार झाला तो स्वतःच्या खिशातून.

म्हणून, माउली, चुरडा-मुरड्याने ज्याचे वावर गेले त्याच्या दारी जाल तेव्हा ग्रंथ काखेतच राहू द्या. त्याचा हंगाम का गेला हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही, आणि पौलानेही ते सांगितल्याचा आव आणलेला नाही. त्याच्याजवळ बसा. पुढच्या रोपाला, औषधाला हात लावता आला तर लावा. धीर धरायचा की देवाशी भांडायचे हे त्याचे त्याला ठरवू द्या. आपल्या संतांनी दोन्ही केले आहे.

लक्ष्मीबाईंनीही स्वतःचे स्वतःच ठरवले. नवरा गेला त्या वाटेने त्या लगेच गेल्या नाहीत. आधी टिळकांबरोबर पुन्हा संसार मांडला, तोही आपले सोवळे सांभाळून. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा आपल्या पद्धतीने विचार केला आणि मगच कुणाच्याही हातचे पाणी प्यायला तयार झाल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही कुणी ओढून नेले म्हणून नव्हे. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ख्रिस्तचरित्राचे काव्य अर्धवट राहिले होते. लग्नानंतर नवऱ्याच्या हाताखाली अक्षरे गिरवायला शिकलेल्या या बाईने ते पुढे नेले. त्याचे बहुतेक अध्याय तिच्याच हातचे आहेत.