वक्तृत्व आणि वचन

स्पर्धेच्या आदल्या रात्री वडील भाषण लिहून देतात, लेकरू ते पाठ करते आणि बक्षीस घेऊन घरी येते. घरात मराठी, शाळेत कन्नड. आपल्या सीमाभागातील मुलांची अडचण खरी आहे. पण टाळ्या कुणाच्या वाक्यांना पडल्या, हे लेकरू मनात जाणून असते.

बाराव्या शतकात बसवकल्याणच्या अनुभव मंटपात अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली शरण जमत, असे परंपरा सांगते. मडिवाळ माचय्या परीट, अंबिगर चौडय्या नावाडी. अक्कमहादेवी तर स्त्री. प्रत्येकजण साध्या कन्नडात स्वतःचे बोले. त्या बोलांना ‘वचन’ म्हणतात. मराठीत आपण वचन देतो आणि ते पाळतोही.

म्हणून लेकराला भाषण लिहून देऊ नये. विचारावे, ‘बाळ, तू काय पाहिलेस?’ फुलावर आलेली तूर, बाजारातली घासाघीस, काहीही. दहा ओळी लिहाव्यात, मोठ्याने वाचाव्यात. शब्द अडला तर कन्नडातला घ्यावा. चारचौघांत लेकरू अडखळेल, कदाचित बक्षीसही हुकेल. पण बोललेले त्याचे स्वतःचे असेल, आणि जे स्वतःचे असते तेच माणूस पाळतो.