बिनदाराच्या घराची राखण

शनिशिंगणापूरवर लिहायला बसलेला माणूस दारापासून सुरुवात करतो, म्हणजे नसलेल्या दारापासून. चौकट असते, तिला दार नसतं. कुत्रं-मांजर आत शिरू नये म्हणून रात्री एखादी फळी टेकवून ठेवतात, एवढंच. 2011 मध्ये युको बँकेने इथे कुलपाविना शाखा उघडली तेव्हा त्याची देशभर बातमी झाली. गावात पोलीस ठाणं आलं ते 2015 मध्ये. या सगळ्याचं श्रेय शनिदेवाला जातं. इथे चोरी करणाऱ्याच्या मागे साडेसाती लागते हा धाक पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण माझी आजी या गावात सून म्हणून आली आणि नव्वदी ओलांडून इथेच गेली. तिचं आयुष्य आठवलं की या श्रेयाची वाटणी पुन्हा करावीशी वाटते.

देवाचा धाक असला तरी घरात माणूस लागतंच. बिनदाराचं घर ओस टाकून सगळ्यांनी रानात जाऊन चालत नाही. कोणीतरी मागे राहतं, आणि ते कोणीतरी म्हणजे घरातली म्हातारी. आजी सकाळीच ओट्यावर सूप घेऊन बसायची. बाजरी पाखडताना हात आपोआप चालायचे आणि नजर रस्त्यावर असायची. कोण कुणाकडे आलं, कुणाची शेळी सुटली, कुणाचं पोर शाळा बुडवून भटकतंय, सगळं तिला ठाऊक. दर्शनाला आलेल्या बायका पाणी प्यायला थांबायच्या आणि नवलाने विचारायच्या, “आजी, घर असं उघडं टाकून भीती नाही वाटत?” ती सूप न थांबवता म्हणायची, “उघडं कुठंय? मी बसलेय की!”

गल्लीत अशा सात-आठ म्हाताऱ्या ओट्याओट्यावर बसलेल्या असत. गावाच्या ख्यातीत त्यांचा उल्लेख कुठेच नाही. मंदिरावर सिनेमे निघाले, वाहिन्यांचे कॅमेरे आले. त्यांनी रिकाम्या चौकटी टिपल्या आणि शेजारी बसलेली बाई वगळली.

या कौतुकाला दुसरीही बाजू आहे. दार नसलेल्या घरात नव्या सुनेला रडायला कोपरा मिळत नाही. भांडण, आजारपण, बाळंतपण सगळं चारचौघांच्या कानांवर जातं. पुढे तीच सून सासू झाली, तेव्हा घरातली कुजबुज तिच्या कानांतून सुटत नसे. आजी प्रेमळ होती, तशी खमकीही होती. धान्य किती मोजायचं, कुणाला उसनं द्यायचं, कुणाला नाही, हे तीच ठरवी. तिचे स्वतःचे पैसे कमरेच्या चंचीत असत आणि त्या चंचीची दोरी मात्र ती कुणाला सोडू देत नसे. कुलपाला नकार देणाऱ्या गावातही बाईला आपलं म्हणून काहीतरी बांधून ठेवावं लागतं.

तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी होती. तिच्या पिढीच्या कितीतरी बायकांची हीच आहे, कारण खरी कुणी लिहूनच ठेवली नाही. तिचा काळ वेगळ्या खुणांनी मोजला जाई. बहात्तरच्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मिलोच्या लाल भाकरी थापल्या, सुकडी पदरात बांधून पोरांसाठी आणली. अशा लाखो हातांनी काम मागितलं, त्यातून रोजगार हमीची कल्पना रुजली आणि 1977 मध्ये कायदा झाला. मुळा धरणाचा कालवा नेवासे तालुक्यात पोचला, बाजरीच्या शिवारात ऊस आला, शेजारच्या सोनईला कारखाना उभा राहिला. हा तालुक्याचा इतिहास म्हणून छापून येतो. तो ज्यांच्या अंगावरून गेला त्यांचं वयसुद्धा अंदाजाने सांगावं लागतं.

सातबाऱ्याचंही तेच. शेतकरी संघटनेने 1990 च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, नवऱ्यांनी स्वखुशीने बायकोचं नाव जमिनीला लावावं म्हणून शरद जोशी गावोगाव बोलले. काही गावांनी ते केलं. आमच्या घरी आजीचं नाव लागलं ते आजोबा गेल्यावर, वारसनोंदीत. आयुष्यभर खुरपणी केलेल्या वावरावर तिचं नाव चढलं ते विधवा झाल्यामुळे.

आणि शनिदेवाचा चौथरा. जन्मभर तिने खालूनच हात जोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 8 एप्रिल 2016 ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने बायकांना चौथरा खुला केला. नातींनी आग्रह धरला तेव्हा ती म्हणाली, “गुडघे धड व्हते तव्हा सांगायचं ना, आता कोन चढतंय?” वाद दोन्ही बाजूंनी पुष्कळ झाले, पण उशिराने मिळालेल्या हक्काचा इतका नेमका हिशेब मी दुसऱ्या कुणाकडून ऐकला नाही.

आता ओटे रिकामे होत चालले आहेत. तरुण दुकानांत आणि पुण्यात, म्हाताऱ्या एकेक करून गेलेल्या, काही ठिकाणी त्यांच्या जागी कॅमेरे. चोरीच्या बातम्या आल्या की लोक म्हणतात, श्रद्धा कमी झाली. मला वाटतं, घरात माणूस कमी झालं.

आपल्या जिल्ह्याला आता चौंडीच्या लेकीचं, अहिल्यादेवींचं नाव आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आईचं नाव लिहिणंही राज्यात सक्तीचं झालं. दोन्ही चांगलंच झालं. पण ज्या पिढीने हे घर राखलं तिच्यापर्यंत हा नियम पोचत नाही. तिथे घरच्यांनीच पुढे व्हावं लागेल. तेव्हा या दिवाळीत फराळ झाल्यावर दोन कामं करा. घरच्या म्हातारीजवळ वही घेऊन बसा आणि तिची सालं तिच्याच तोंडून लिहून काढा. मग सातबारा काढून बघा. त्यावर तिचं नाव नसेल, तर तलाठ्याकडे चौकशी करा, ती हयात असताना.