चाकोरीतला किडा

नाशिक-पेठ रोडवर पुढे पोलीस स्पीडगन घेऊन उभे असले की समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक जण डिपर मारतो. ओळख ना पाळख, तरी मारतो. आपण लगेच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, पट्टा ओढून घेतो आणि साळसूद चेहरा करून पोलिसांसमोरून निघून जातो. दोनशे पावलांवर पुन्हा जैसे थे. या बंधुभावाची मला नेहमी गंमत वाटते. कारण पुढच्या वळणावर मेंढरं आहेत, घोडी आहे, जरा जपून, एवढ्यासाठी डिपर मारणारा क्वचितच भेटतो. चलानाची भीती आपण आपसात वाटून घेतो, जनावराचा जीव मात्र ज्याचा त्यानं सांभाळायचा.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. गळ्यात माळ आहे आणि चातुर्मासात देवळात महाभारत वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असतं. अनुशासनपर्व चालू असताना पिकअप चालवणाऱ्या एका पोरानं मला विचारलं, "गुरुजी, कॅमेऱ्याच्या धाकानं गाडी हळू चालवली, तर त्याचं पुण्य लागतं का?" लोक हसले. मी हसलो नाही. प्रश्न खरा होता, आणि योगायोगानं त्या दिवशीच्या पोथीत रस्त्यावरचीच गोष्ट होती.

गोष्ट अशी. व्यासांना गाडीच्या चाकोरीत एक किडा जिवाच्या आकांतानं पळताना दिसतो. ते विचारतात, कसली एवढी घाई? किडा सांगतो, मोठी गाडी येते आहे, तिचा खडखडाट ऐकू येतोय, आसुडाखाली धापा टाकणाऱ्या बैलांचा आवाज येतोय, म्हणून पळतोय. व्यास म्हणतात, असल्या देहात तुला सुख ते कसलं, मेलास तर बरंच की. त्यावर किड्याचं उत्तर सरळ आहे: ज्याला जो देह मिळाला त्याला त्यात गोडी असते, मलाही जगायचं आहे. पुढे तो मागच्या जन्मीची आपली दुष्टाई सांगतो. व्यास त्याला चांगल्या गतीचं आश्वासन देतात. किडा वाटेतच थांबतो, गाडी येते, चाकाखाली तो चिरडतो आणि चढत चढत क्षत्रिय, ब्राह्मण अशा जन्मांना जातो.

किड्याचं कल्याण झालं, श्रोत्यांचंही समाधान झालं. मला मात्र ही कथा वाचताना दरवेळी एक गोष्ट खटकते. त्या गाडीच्या गाडीवानाला कुणी काहीच विचारत नाही. किड्याचं कर्म, किड्याचा पुनर्जन्म, किड्याची सद्गती, सगळं आहे. आसूड ज्याच्या हातात होता, तो कथेत कुठंच बोलत नाही. रस्त्यावर मेलेल्याचं प्रारब्ध शोधायची आपली सवय किती जुनी आहे बघा. अपघात झाला की अजूनही आपण "त्याची वेळ आली होती" म्हणतो आणि चहा मागवतो.

गाडीवानाची गोष्ट शोधायला त्याहून मागे जावं लागतं. जैमिनीय ब्राह्मण या ग्रंथात इक्ष्वाकू कुळातला त्र्यरुण राजा आणि त्याचा पुरोहित वृश जान एकाच रथात बसून निघाले आहेत. लगाम पुरोहिताच्या हातात. रथाखाली एका ब्राह्मणाचा मुलगा सापडतो. राजा म्हणतो, लगाम तुझ्या हातात होता, मारणारा तू. पुरोहित म्हणतो, मी रथ आवरत होतो, पळवत होतास तू. वाद इक्ष्वाकूंपुढे जातो आणि ते निकाल देतात की लगाम धरणारा दोषी. निकाल चुकला. पुरोहित सामगानानं मुलाला जिवंत करून रागानं निघून गेला आणि इक्ष्वाकूंच्या घरांतल्या अग्नीचा दाहच गेला, चुलीवर ठेवलेला भात शिजेना. पुढे पुरोहित परत येतो वगैरे. माझं मन त्या न शिजणाऱ्या भातापाशीच अडकतं. ज्याच्या हाती स्टिअरिंग तो एकटाच गुन्हेगार, बाकीचे मोकळे, असा सोयीचा निकाल लावणाऱ्या गावाची चूल पेटत नाही, असं त्या जुन्या माणसांना वाटत होतं. आज टोमॅटोची गाडी पहाटेच्या आत गुजरातेत पोचलीच पाहिजे म्हणून फोन करणारा व्यापारी रथातच बसलेला असतो. मागच्या सीटवरून "दाब ना जरा" म्हणणारे आपणही असतोच.

गंमत म्हणजे कॅमेरा याबाबतीत इक्ष्वाकूंपेक्षा शहाणा निघाला. तो नंबरप्लेट वाचतो आणि चलानाचा मेसेज गाडीमालकाच्या मोबाइलवर जातो, म्हणजे राजाला. राजा मग ते पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापतो, ही गोष्ट निराळी.

आता घोडीकडे येतो. दिवाळी उलटली की मेंढपाळांचे वाडे, म्हणजे त्यांची फिरती बिऱ्हाडं, रस्त्याला लागतात. रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी, आशेवाडीच्या आसपास, मी एक वाडा जवळून पाहिला. मेंढरं पुढे आणि मागे बिऱ्हाड लादलेली घोडी. पाठीवर उलटी बांधलेली बाज, बाजेच्या पायांमध्ये भांडी, एका अंगाला कोंबड्यांचं डालगं, दुसऱ्या अंगाला जाळीत दोन दिवसांची कोकरं, त्यांची फक्त तोंडं बाहेर. कासरा एका बाईच्या हातात. मागून ट्रकनं एअर हॉर्न दिला. घोडीचे कान मागे चिकटले, पुठ्ठे खाली बसले आणि ती आडवी सरकली. त्या सरकण्यानं भांडी वाजली आणि भांड्यांच्या आवाजाला ती दुसऱ्यांदा बुजली. तिला आता ट्रकचं भय राहिलंच नव्हतं, ती स्वतःच्या पाठीवरच्या संसाराला भीत होती. बाईनं कासरा मनगटाला वेढा देऊन धरला आणि घोडीच्या मानेला खांदा लावून उभी राहिली. तोंडानं नुसतं "हो, हो, हो." ट्रक निघून गेला. वेगाच्या नियमात तो चुकला नसेल. वेग पन्नास असेल, साठ असेल.

मुद्दा इथं आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक नसलेल्या अशा रस्त्यांवर मोटारीला जास्तीत जास्त ७० किलोमीटरची मुभा आहे. राज्य किंवा स्थानिक अधिकारी ती कमी करू शकतात, घाटात करतातही. पण बुजऱ्या घोडीशेजारून ६५ नं जाणाऱ्या मोटारीला कॅमेरा काही बोलणार नाही. बेदरकारपणे गाडी हाकण्याचा गुन्हा, पूर्वीचं २७९ आणि आता भारतीय न्याय संहितेचं २८१ कलम, माणसाच्या जिवाची भाषा बोलतो. घोडीचा जीव त्यात बसत नाही. ब्रिटनमध्ये २०२२ पासून हायवे कोडमध्ये स्पष्ट लिहिलंय की घोड्याजवळून ताशी १० मैलांच्या, म्हणजे साधारण १६ किलोमीटरच्या आत जा आणि किमान दोन मीटर अंतर सोडा. आपल्याकडे घोड्याला देवाचा मान आहे. माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो. त्या अश्वावर माउली स्वार असतात म्हणून आपण बाजूला होतो. मेंढपाळाच्या घोडीवर कोण स्वार असतं, एवढंच ज्ञानेश्वरांना मानणाऱ्या माणसाला विचारायचं आहे.

कठोपनिषदानं इंद्रियांना घोडे म्हटल्यापासून कीर्तनात घोड्याची कमतरता पडलेली नाही. मन लगाम, बुद्धी सारथी, सगळं पाठ आहे. पण रूपकातले घोडे आवरून आवरून खरा घोडा आपल्या नजरेतून सुटला. त्यापेक्षा जैन साधूंची ईर्यासमिती मला जास्त कामाची वाटते: चालताना पुढची साधारण चार हात जमीन पाहायची आणि जीव चुकवत पाऊल टाकायचं. जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल, इतकाच वेग. रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरांचं गणितही हेच सांगतं. ताशी ८० वेगाला गाडी सुरक्षित थांबायला त्यांच्या हिशोबानं १२० मीटर मोकळे दिसावे लागतात, ४० ला ४५ मीटर पुरतात. याच रस्त्यावरच्या कोटंबी घाटात श्रावणातल्या धुक्यात ४५ मीटर तरी दिसतात का, ते तिथून गेलेल्यांना ठाऊक आहे.

तर त्या पोराला मी काय सांगितलं? म्हणालो, पुण्याचा हिशोब तुझा तू कर. भीतीनं हळू झालास की दयेनं, याचा विचार तुझ्या आत्म्याला करावा लागेल, घोडीला नाही. तिच्यापुरतं दोन्ही सारखंच. त्यामुळे कॅमेऱ्याला मी नावं ठेवत नाही. भयानं पाळलेला धर्म हलक्या प्रतीचा असेल, पण त्यानंही कोकरं वाचतात. तरी कॅमेरा आकड्यापुरता, आकड्याच्या खाली उतरायचं काम तुझं. कारण ब्रेक तुझ्याकडे आहे, तिच्याकडे नाही.

आमच्या भागात वाघबारशीला गुराखी पोरं घरोघर तांदूळ मागून शिवेवरच्या वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. गुरांना सांभाळ, एवढंच मागणं. वाघ आता कमी झाले आणि गुरं मरतात ती डांबरावर, पण टेम्पोदेव बसवायची काही सोय नाही. तेव्हा मागणं तुमच्याकडेच. दिवाळीनंतर पेठ रोडनं जाणार असाल आणि पुढे वाडा दिसला, तर हॉर्न देऊ नका. मागचं जनावराला नीट दिसत नाही आणि हॉर्ननं ते बाजूला होत नाही, बुजतं. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आणा, कासरा धरणाऱ्यानं हातानं खूण केली की मगच लांबून निघा. आणि समोरून येणाऱ्याला एक डिपर मारा.