अनुपलब्धी आणि दडलेला अंतर्गळ

जांघेतील अंतर्गळ, म्हणजे पोटाच्या भिंतीतील कमजोर जागेतून आतडे वा चरबी बाहेर येणे, दुर्बिणीने दुरुस्त करताना दुसऱ्या बाजूलाही, आधीच्या तपासणीत न सापडलेला, अंतर्गळ कधीकधी आढळतो. मग आधी न सापडणे हा तो नसल्याचा पुरावा होता का? मीमांसा दर्शनाचे आचार्य कुमारिल भट्ट यांच्या मते अनुपलब्धी, म्हणजे न दिसणे, हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण आहे, परंतु वस्तू असती तर दिसलीच असती, अशी योग्यता असेल तरच. बाहेरून चाचपणाऱ्या हाताकडे ही योग्यता नेहमी असतेच असे नाही. पिरनवाडीचा शेतकरी बेळगावात एकाच बाजूसाठी संमती देऊन भूल घेतो, आणि दुसऱ्या बाजूलाही अंतर्गळ आढळतो, तेव्हा त्याचे काय करावे? सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या निकालानुसार, जीव वाचवण्यासाठी किंवा आरोग्य जपण्यासाठी तातडीची गरज नसल्यास, संमतीबाहेरचा उपचार करता येत नाही. म्हणून ही शक्यता रुग्णाच्या भाषेत, येथे बहुधा मराठीत, आधीच समजावून संमतिपत्रात लिहून घ्यावी.